ग्रेडरसाहेबांची अर्धी मूर्ती

देवाला कोणत्या रंगाचा ऑइल पेंट लावायचा, हे तुमच्या गावात कोण ठरवतं?

हसू नका. आमच्या टेकडीवरच्या लेणीत हा प्रश्न निघाला तेव्हा त्यावर रीतसर सरकारी बैठक झाली. वर्षानुवर्षं एकमेकींकडे दुर्लक्ष करून सुखात राहिलेल्या दोन वस्त्या एकमेकींच्या वैरी झाल्या. आणि शेवटी निकाल द्यायला ज्याला बोलावलं, तो माणूस कापसाचा ग्रेडर होता.

कापूस ज्यांनी फक्त अंगात घातला आहे, त्यांच्यासाठी सांगतो. खरेदी केंद्रावर बैलबंड्यांतून, ट्रॅक्टरांतून कापूस येतो. ग्रेडर ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, आतला पुंजका बाहेर काढतो, दोन अंगठ्यांत धरून हळू ओढतो. धागा किती लांब, ओल किती, कचरा किती, पिवळी कवडी म्हणजे नीट न उमललेला किडका कापूस किती, हे पाहून तो प्रत सांगतो. पहिली, दुसरी, तिसरी. त्या एका शब्दावर समोरच्या घराचं वर्ष ठरतं. म्हणून ग्रेडरला चहा पाजणाऱ्यांची रांग कापसाच्या रांगेपेक्षा लांब असते. आमचे ग्रेडरसाहेब स्वतःचा चहा स्वतः विकत घेत. शेतकरी म्हणत, हा व्यापाऱ्यांचा माणूस. व्यापारी म्हणत, हा शेतकऱ्यांचा. दोन्हीकडून शिव्या आल्या की साहेब समाधानानं घरी जात. प्रत बरोबर लागली, असा त्याचा अर्थ ते काढत.

घाटंजीच्या बाजूला अशाच एका केंद्रावर मी एक हंगाम वजनाच्या चिठ्ठ्या लिहायला होतो. उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचो. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याला फार प्रसिद्धी होती. कापसाचा भाव सोडून सगळं आमच्याकडे यायचं. मंत्री यायचे, अभ्यास पथकं यायची, कॅमेरे यायचे, रडक्या आवाजात बोलणारे पाहुणे यायचे. पत्रक लिहिणाऱ्याला विषयांची टंचाई नव्हती.

साहेबांचा रोग असा, की प्रत लावायची सवय केंद्राच्या फाटकाबाहेरही सुटत नसे. एसटी स्टँडवरचा चहा, शाळेचा निकाल, शेजाऱ्याची नवी सून, सगळ्याला प्रत. लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं वरण कसं झालं विचारलं, की माणसं झकास म्हणतात आणि पुढे जेवतात. हे वरणात बोट बुडवून, डोळे मिटून सांगत, दुसरी प्रत, कचरा नाही पण धागा आखूड आहे. एकदा एक पुढारी बाजाराच्या दिवशी आमच्या दुःखावर बोलता बोलता स्टेजवरच रडला. अख्खा बाजार डोळे पुसत होता. साहेब माझ्या कानाशी लागून म्हणाले, “ओल जास्त हाय. दोन दिवस उन्हात टाकावं लागते.”

रविवारी मात्र ते कापसाकडे पाठ फिरवून टेकडीवर जात. सायकलच्या कॅरिअरला पितळेची परात बांधलेली. लेणी लहानच आहे. पुढे ओसरी, आत एक दालन, दोन्ही बाजूंना निजण्याच्या दगडी ओट्यांच्या खोल्या, आणि मागच्या भिंतीत ती मूर्ती. दालनात दुपारीही काळोख असतो. साहेब सकाळी नऊच्या सुमाराला ओसरीत परात उभी धरत, उगवतीचं ऊन पकडत आणि तो उजेड आत मागच्या भिंतीवर सोडत. बॅटरी नेली तर चिडत. त्यांचं म्हणणं, बॅटरीनं आपण जे पाहायला गेलो तेवढंच दिसतं. परातीचा उजेड हलका असतो, हलता असतो, त्यात टाकीचा घाव न् घाव उठून दिसतो. कोणता खांब डावखुऱ्यानं कोरला, कुठे दगड कठीण लागला म्हणून शिकाऊ गडी बाजूला करून जुना माणूस बसवला, हे ते बोट न लावता दाखवत. एका खांबाला पहिली प्रत होती. त्याच्या शेजारच्याला तिसरी, आणि ती सांगताना साहेबांचा आवाज खाली यायचा, जणू तो कोरणारा ओसरीत बसून ऐकतो आहे.

काकूंना, म्हणजे साहेबांच्या बायकोला, हा सगळा प्रकार परातीपुरता समजत होता. “अथी कणीक मळाले परात नाही अन् तथी देवाले आरसा दाखवून राह्यले. त्या दगडाले काय लग्नाले जायचं हाय?”

लेणी वरून खाली कोरतात, हे मला त्यांनीच सांगितलं. घर आपण पायापासून बांधतो. लेणी कोरणारा आधी छतापाशी शिरतो, छत पुरं करतो, मग खांबांची डोकी, मग खांब, आणि पायाखालची जमीन सगळ्यांत शेवटी. मूर्तीचंही तसंच. आधी डोकं, मग खांदे, मग खाली. फायदा हा, की परांची बांधावी लागत नाही. तोटा हा, की उडालेला दगड परत चिकटत नाही. या ज्ञानाचा उपयोग साहेबांनी घरामागच्या न्हाणीसाठी केला. चार खांब रोवले, वर पत्रा ठोकला आणि आता भिंती वरून खाली येतील अशा थाटात मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री त्या दिवशी गेला तो परत आला नाही. पुढची कित्येक वर्षं काकू चारी बाजूंनी लुगडी बांधून न्हायच्या, आणि वारा सुटला की आंघोळ उद्यावर जायची. यावर त्यांनी नवऱ्याला एकच वाक्य ऐकवलं होतं. “लेणीले तरी बाप्पा आधीपासून डोंगर होता.”

आता मूर्तीकडे येतो, कारण भांडण तिचं आहे.

आमची वस्ती बौद्ध. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात ती लेणी विहार म्हणून सांगितली जाते. पौर्णिमेला आमच्या बाया तिथे मेणबत्ती लावत. टेकडीच्या पलीकडच्या गावातल्या बाया मंगळवारी येत, त्याच मूर्तीच्या कपाळाला शेंदूर लावत आणि तिला आई म्हणत. मंगळवारी पौर्णिमा आली तर दोन्हीकडच्या बाया सरकून एकमेकींना जागा देत. पुरुषांना याची खबर नव्हती, म्हणून ते निभावलं.

मग पुरुषांना खबर लागली. एक पथक आलं, आमचा अभ्यास करून गेलं, आणि अहवालात असं निघालं की कापसाचं काही करता येणार नाही, पण टेकडीवर लेणी आहे. तेव्हा पर्यटन. कापूस वेचणाऱ्यांनी गाइड व्हायचं, सालदारांनी नारळपाणी विकायचं. त्यासाठी लेणीत टाइल्स बसवायच्या, कठडा करायचा आणि मूर्तीला उठाव येईल असा ऑइल पेंट मारायचा. अर्जात एक रकाना होता, देवतेचे नाव. तो भरल्याशिवाय रंगाचे डबे येत नव्हते, कारण भगवा की निळा हे नावावर ठरणार. लेणी कोणत्याच सरकारी यादीत नव्हती. तेव्हा विकासाचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यानं ठरवलं, स्थानिक जाणकाराचं लेखी मत घ्यायचं. टेकडीवर तीस वर्षं गेलेला माणूस एकच होता. त्यानं कागदावर जो शब्द लिहिला असता, तो कायमचा मूर्तीच्या अंगावर चढला असता.

मी ताबडतोब पत्रक लिहिलं. आमचे मामा वस्तीतल्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी ते वाचलं, डोळे भरून आले, छापून आणा म्हणाले. पत्रक चांगलंच होतं. आमच्याकडून काय काय हिरावलं गेलं, देव कसे पळवले जातात, शेंदूर लावून इतिहास कसा झाकतात, सगळं होतं. शेवटून दुसरी ओळ अशी होती: ‘लेणीचे एकमेव जाणकार ग्रेडरसाहेब यांनीही ही मूर्ती बुद्धाचीच असल्याचे मान्य केले आहे.’

तसं त्यांनी मान्य केलं नव्हतं. पण बैठक दुसऱ्या दिवशी होती, आणि छापखाना आदल्या दिवशीच छापून देतो.

संध्याकाळी गठ्ठा घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. वाटलं, छापील नाव पाहून माणूस विरघळेल. साहेबांनी पत्रक दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

“हे मी कवा म्हटलं?”

मी म्हणालो, उद्या म्हणालच. खोल्या भिक्खूंच्या आहेत हे तुम्हीच तर सांगता.

“खोल्या भिक्खूंच्याच वाटतात. ते मी दहा ठिकाणी सांगीन, अन् कागदावरही लिहून देईन. मूर्ती मागाहून कोरलेली हाय, घाव येगळे हायेत. तिचं मले माहीत नाही.”

मग मी बोललो. मला बोलता येतं. पिढ्यान् पिढ्या आम्हाला दगडाच्या पायरीवरही उभं केलं नाही, आज एक दगड आमचा म्हणायची वेळ आली तर तुम्हाला पुरावा आठवला. तुमचं एक वाक्य गेलं तर तुमचं काय जातं? साहेब ऐकत राहिले. मग म्हणाले, “वरून चांगला कापूस पसरायचा अन् आत कवडी भरायची, हे मी तीस वर्षं पकडत आलो, राजा. आता तू मले बंडीवर चढून पसराले सांगून राह्यला.” त्यांनी पत्रकाची कड दोन अंगठ्यांत धरून जराशी ओढली. “धागा लांब हाय तुया. पण ताणला की तुटते.”

मी उठलो. जाता जाता म्हणालो, तुमच्या तीन पिढ्या कचेरीत खुर्चीवर गेल्या, माहीत नाही म्हणून गप्प बसणं तुम्हाला परवडतं, आम्हाला परवडत नाही. वाटलं, आता तरी चिडतील. साहेबांनी थोडा विचार केला आणि या वाक्याला पहिली प्रत लावली. तेही मनापासून. रागावलेल्या माणसाला याहून मोठा अपमान नाही. मी गठ्ठा तिथेच टाकून निघून आलो.

सकाळी साहेब टेकडीच्या पायथ्याशी सायकल घेऊन उभे. कॅरिअरवर परात, परातीत माझा गठ्ठा, सुतळीनं नीट बांधलेला. प्रत्येक पत्रकावरची ती एक ओळ त्यांनी आणि काकूंनी बसून पेनानं खोडली होती. पट्टी धरून, सरळ. बाकी एका अक्षराला हात लावला नव्हता. मी ती तशीच वाटली. लोकांनी सगळं पत्रक सोडून दिलं आणि खोडलेल्या ओळीखाली काय आहे ते उन्हाकडे धरून वाचलं. माझं इतकं बारकाईनं वाचलं गेलेलं वाक्य दुसरं नाही.

बैठक ओसरीत होती. अधिकारी होते, टाय होता. त्यांच्या डाव्या हाताला आमचे मामा, उजव्या हाताला पलीकडच्या गावच्या देवस्थान समितीचे अध्यक्ष. दोघांमागे आपापली माणसं. मामांनी माझं पत्रक वाचून दाखवलं, खोडलेल्या ओळीसकट. अध्यक्षांनी त्यांच्या आजीला मूर्तीनं दिलेल्या दृष्टान्ताची हकीकत सांगितली. अधिकारी घड्याळ पाहत होते, कारण पुढच्या तालुक्यात आणखी एक विकास व्हायचा होता.

साहेबांनी परात मला धरायला दिली. कालच्या बोलण्याचा चेहऱ्यावर मागमूस नाही. उजेड भिंतीवर गेला आणि शेंदूर लावलेला तो चेहरा पुढे आला. शांत, मिटल्या डोळ्यांचा. मामा म्हणाले, कान पाहा, लांब कान बुद्धाचेच. अध्यक्ष म्हणाले, कान आईच्या कर्णफुलांनी लांबलेत. साहेब म्हणाले, लांब कान तीर्थंकरालेही असतात, कानावर जाऊ नका. मग त्यांनी दोघांना पुढे बोलावलं आणि मूर्तीवरून वरून खाली हात फिरवायला सांगितला.

मामांनी फिरवला. अध्यक्षांनी फिरवला. मग परात दुसऱ्याकडे देऊन मीही फिरवला. गाल गुळगुळीत, खांदे गोल. छातीपाशी टाकीचे आडवे घाव हाताला लागले. मग ओबडधोबड उंचवटे, आणि मग नुसता डोंगर. हात नाहीत, मांडी नाही, आसन नाही. लहानपणापासून मी त्या मूर्तीसमोर उभा राहिलो होतो. खाली मूर्ती नाही, हे मला कधी दिसलं नव्हतं.

साहेब अधिकाऱ्यांना म्हणाले, “वरून खाली काम चालते, साहेब. अन् देव ज्याच्यावरून ओळखू येते ते सारं खाली असते. हात काय करून राह्यला, बसला कशावर, जवळ कोण हाय. तिथवर कोरणारा पोचलाच नाही.”

“मग मी रकान्यात काय लिहू?”

“अपूर्ण.”

अधिकारी म्हणाले, अपूर्ण नावाची देवता नसते. साहेब म्हणाले, इथं आहे. मामा माझ्याकडे न पाहता म्हणाले, तुझा जाणकार विकला गेला. अध्यक्षही त्याच वेळी नेमकं हेच स्वतःच्या माणसांना सांगत होते. त्या वर्षात दोन्ही बाजूंचं एकमत झालेला हा एकच मुद्दा.

माणसं उतरायला लागली तेव्हा साहेबांनी मला मूर्तीच्या डाव्या खांद्याखालची एक रेघ दाखवली. केसाएवढी भेग, तिरपी खाली गेलेली. कोरणाऱ्याला ती दिसली असावी, म्हणाले. आणखी दोन बोटं खाली गेला असता तर चेहऱ्यासकट दगड फुटला असता. म्हणून तो थांबला असावा. हे सांगून त्यांनी माझ्या खिशातल्या पेनाकडे पाहिलं. “हा माया अंदाज हाय. लिहू नको.” इतकी वर्षं मी ते लिहिलं नव्हतं. आज लिहितो आहे, अंदाज म्हणूनच.

पुढचं काम सरकारनं केलं, आणि सरकारचं ऋण मान्य केलं पाहिजे. फाइल वर गेली. वरून शेरा आला की अपूर्ण कामाचं सुशोभीकरण नियमात बसत नाही, आधी मूळ कामाचा पूर्णत्वाचा दाखला जोडावा. खालून उत्तर गेलं की मूळ ठेकेदार उपलब्ध नाही. वरून विचारणा आली की त्याचा शेवटचा पत्ता कळवावा. एवढ्यात वर्ष संपलं. टाइल्स लागल्या, कठडा झाला, पाणी नसलेलं शौचालय झालं. रंगाचे डबे दुसऱ्या कुठल्या तरी देवावर गेले. मूर्तीच्या अंगाला ब्रश लागला नाही.

साहेबांविरुद्ध दोन्ही वस्त्यांनी तक्रारी दिल्या. एकीत ते जातीयवादी होते, दुसरीत धर्मद्रोही. त्यांची बदली राळेगावकडे झाली. पुढे ते केंद्रच बंद पडलं, कारण प्रत लावायला कापूस होता पण घ्यायला कोणी नव्हतं. रविवारी ते परात घेऊन एसटीनं यायचे, यवतमाळला गाडी बदलून. कंडक्टरनं परातीचं लगेज लावायचं का, यावर एकदा डेपोपर्यंत वाद गेला. मामा त्यांना टेकडीवर पाहिलं की तोंड फिरवत. मी फिरवत नसे, पण बोलायलाही जात नसे. पत्रकातली ती ओळ मी लिहिली होती आणि खोडली त्यांनी होती, हे त्यांच्यासमोर एकदा म्हणायचं राहून गेलं. ते गेले तेव्हा मला चार दिवसांनी कळलं. काकू म्हणाल्या, शेवटी दवाखान्यात डॉक्टरलाही प्रत लावली. कोणती ते सांगत नाहीत.

हे सगळं आता का लिहिलं, ते सांगतो. गेल्या महिन्यात मामा आणि देवस्थानचे अध्यक्ष एका मंचावर आले. दोघंही थकले आहेत आणि दोघांच्याही मुलांना ग्रामपंचायतीत निवडून यायचं आहे. तडजोड झाली. मूर्ती पूर्ण करायची. सिमेंटमध्ये. मांडी घातलेली असेल, ती आमची. मांडीखाली वाघ असेल, तो त्यांचा. सिमेंट धरायला जागा हवी म्हणून छातीखालचा दगड खोल फोडणार आहेत, त्या भेगेच्या अगदी शेजारून. मामांनी पहिली सही केली. त्यांना वाटतं, त्यांनी सलोखा घडवला. पलीकडचे अध्यक्षही तसंच समजतात. माझ्या लोकांना मी सांगतो: ज्यांनी आमच्या हातांना दगड घडवू दिला नाही त्यांच्याशी भांडायला मी कायम तयार आहे, पण त्यासाठी मला सिमेंटची मांडी नको.

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली आहे. हरकती लेखी घेणार, तोंडी नाही. एकट्याची हरकत आली तर ती घरातलं भांडण म्हणून बाजूला ठेवतील, हे मला माहीत आहे. कारण माझी एक आधीच ठेवली आहे.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. वाटेत तालुक्याच्या गावी उतरून नुसते हळहळून जाऊ नका, टेकडीवर या. मूर्तीवरून वरून खाली हात फिरवा. मग खाली येऊन साध्या कागदावर लिहा: तुमचं नाव, गाव, आणि हाताला काय लागलं, काय लागलं नाही. जात लिहू नका, धर्म लिहू नका, देवाचं नाव तर मुळीच लिहू नका. कागदाच्या दोन प्रती करा. एक कारकुनाच्या हातात द्या, आणि दुसरीवर त्याचा शिक्का आणि सही मिळाल्याशिवाय तिथून हलू नका.